कडूदवण्याची दारू कडू नसते

प्रश्न असा आहे. नागपूरच्या धंतोलीतल्या एक ताई एका फ्रेंच कथेचा मराठी अनुवाद करतायत. कथेतली बाई संध्याकाळी कॅफेत ॲब्सिंथ नावाची हिरवी दारू घेऊन बसते. ताईंनी लिहिलं, "ती नागदवण्याची कडू दारू पीत बसली होती." भाचा म्हणतो, त्यापेक्षा "हिरवी परी" लिही, ती प्यायली की माणसाला भास होतात, म्हणून तर फ्रान्सात दारूबंदी झाली. कोणाचं बरोबर?

ताई, आधी नागदवणा काढा. हे नाव आपल्याकडे एकाहून जास्त झाडांना आहे. एक नागदवणा दवण्याच्याच कुळातला, तर दुसरा चक्क कांदा असलेला, लिलीसारखी पांढरी फुलं येणारा. वाचकाच्या डोळ्यापुढे कुठला येईल, सांगता येत नाही.

ॲब्सिंथ ज्या वनस्पतीवरून आली, तिला मराठीत नाव आहे आणि ते छापील आहे: कडूदवणा. मराठी बायबलात, प्रकटीकरणाच्या आठव्या अध्यायात, आकाशातून एक तारा पडतो आणि नद्यांचं पाणी कडू होतं. त्या ताऱ्याचं नाव कडूदवणा. ज्यानं कोणी हा शब्द योजला, त्याचा कान पक्का मराठी होता. कडू भोपळा, कडू पडवळ, कडूजिरं: ओळखीच्या झाडाचा कडू भाऊबंद दिसला की मराठी माणूस पुढे "कडू" लावून मोकळा होतो. हारातला आपला सुवासिक दवणा आणि हा युरोपातला, दोघंही आर्टेमिसिया या एकाच वनस्पती-घराण्यातले. (दवणा म्हणजे संस्कृत दमनक, ग्रामचं गाव झालं तसा इथेही म चा व झाला.) फक्त एक सांभाळा. आपल्या विदर्भात "कडू" ही शिवीसुद्धा आहे, त्यामुळे "कडू दवणा" असा तोडून लिहिलात तर एखादा वाचक उगाच फिसकन हसेल. जोडूनच लिहा.

हीच वनस्पती इतवारीतल्या जडीबुटीच्या दुकानात "अफसंतीन" म्हणून मिळते. मी मागितली तेव्हा दुकानदारानं कागदाच्या पुडीतून राखाडी, लवदार चुरा काढला आणि म्हणाला, "चाखून पाहा भाऊ, मग घ्या." चिमूटभर जिभेवर ठेवली आणि चहा पिऊनही तास-दीड तास तोंड कडूजहर. "अफसंतीन" हा शब्द ग्रीक "अप्सिंथिऑन"चा. अरबीत प नाही, म्हणून फ आला आणि पुढे युनानी हकिमांबरोबर तो आपल्याकडे पोचला. ग्रीक शब्दाचा अर्थ "पिण्याजोगं नाही ते" असा काही जण लावतात. ती मागाहून जुळवलेली व्युत्पत्ती. मूळ शब्द ग्रीकांच्याही आधीचा असावा, कारण त्यातला "न्थ" कोरिंथ, लॅबिरिंथ अशा ग्रीकपूर्व शब्दांतही भेटतो.

आता तुमचं "कडू दारू". इथे खरी गंमत आहे. कडूदवण्याला कडू करणारं द्रव्य वाफेबरोबर वर चढतच नाही. दारू गाळताना ते भांड्यातच राहतं. धारेबरोबर उतरतो तो सुगंध, आणि त्यातही बडीशेप आणि तिची विलायती बहीण अॅनिस यांचाच जोर. मी ही एकदाच चाखली, एका मित्रानं बाहेरून आणलेली. पहिल्या घोटाला आठवण झाली ती सावजीच्या जेवणानंतर तळहातावर पडणाऱ्या बडीशेपेची. कडवटपणा पार मागे, जिभेच्या टोकाला नाहीच. तेव्हा "कडू" हे विशेषण जाऊ द्या.

भाच्याची "हिरवी परी" हे फ्रेंच टोपणनावाचं भाषांतर म्हणून ठीक आहे, पण ते पात्राच्या तोंडी शोभेल, निवेदनात नको. आणि भासांचं म्हणाल तर ती कंडी आहे. कडूदवण्यात थुजोन नावाचं द्रव्य असतं, ते भरपूर पोटात गेलं तर झटके येतात हे खरं. पण पेल्यात ते नगण्य असतं. नेमानं पिणाऱ्यांची वाट लावली ती साठ-सत्तर टक्के अल्कोहोलनं. शिवाय स्वस्त मालाला हिरवा रंग यावा म्हणून काही जण तांब्याचे क्षार घालत; आपल्या हातभट्टीत नवसागर, तिकडे मोरचूद. 1905 साली स्वित्झर्लंडमध्ये एका मजुरानं बायको-मुलींना गोळ्या घातल्या. दिवसभर तो वाइन आणि ब्रँडी ढोसत होता, ॲब्सिंथ जेमतेम दोन पेले. नाव मात्र ॲब्सिंथचं झालं.

तरीही ती "दारूबंदी" नव्हे. शेजारी दारूबंदीचा वर्धा जिल्हा असलेल्या नागपूरकराला हा फरक कळायला हवा. फ्रान्सनं 1915 मध्ये एका दारूवर बंदी घातली. वाइन धो धो वाहतच होती. म्हणून "ॲब्सिंथवर बंदी" असंच लिहा. स्वित्झर्लंडनं ती बंदी 2005 मध्ये उठवली, फ्रान्सनं 2011 मध्ये जुना कायदाच रद्द केला. इंग्लंडात तर बंदी कधी नव्हतीच.

लिंगाचा घोळ नाही. रम, व्हिस्की, ब्रँडी, बिअर सगळ्या दारूच्या लेकी, म्हणून ॲब्सिंथही "ती".

राहिलं ते पाणी घालण्याचं दृश्य, जे तुम्ही "पाणी मिसळून" एवढ्यावर उरकलंय. पेल्यावर भोकांचा चमचा, त्यावर साखरेचा खडा, त्यावरून गार पाणी ठिबकत सोडायचं. (काटोलच्या संत्रेवाल्यांमुळे "ठिबक" आपल्याला सांगावं लागत नाही.) पाणी वाढलं की बडीशेपेचं तेल अल्कोहोलमध्ये विरघळलेलं राहू शकत नाही, आणि हिरवं पेय पांढुरकं होतं, बादलीत डेटॉल टाकल्यावर होतं तसंच. असं पांढुरकं होण्याच्या फ्रेंच शब्दाला कोशात "गढूळ" असा अर्थ मिळेल, पण गढूळ म्हटलं की मला जुलैतली नाग नदी दिसते. "दुधाळणं" घ्या. साखर पेटवायचा प्रकार अलीकडचा, तुमच्या कथेच्या काळातला नाही. तो घालू नका.

माझं वाक्य असं होईल: "तिनं साखरेवरून पाणी थेंब थेंब सोडलं. ॲब्सिंथ खालून दुधाळत आली, तशी तिनं मान वर करून दाराकडे पाहिलं." कडूदवणा पहिल्याच पानावर एकदा येऊ द्या, म्हणजे पुढे तळटीप लागणार नाही.