मोजलेला प्रोफाइल टाकला की दुसरा मोड उगवतो? त्रिज्येला हात लावू नका

तुमची पोस्ट वाचली आणि माझे वाया गेलेले तीन आठवडे आठवले. ऑप्टिकल फायबरच्या सिम्युलेशनमध्ये साधा स्टेप प्रोफाइल (गाभ्यात एक अपवर्तनांक, बाहेर दुसरा, मध्ये सरळ पायरी) घेतला तर एकच मोड, म्हणजे प्रकाश वाहण्याची एकच रचना येते, मोजून आलेली फाइल चढवली की १५५० नॅनोमीटरला दुसरा उगवतो, म्हणून आता गाभ्याची त्रिज्या कमी करून बघताय, असं तुम्ही लिहिलंय. ते आधी थांबवा. मीही तेच करत बसलो होतो.

माझ्या फाइलमध्ये दोनच रकाने होते. वर ना शीर्षक, ना एकक. अपवर्तनांक गाभ्यात १.४६२२, कडेला, म्हणजे गाभ्याभोवतीच्या क्लॅडिंगमध्ये, १.४५७०. मी गाभ्याचे आकडे जसेच्या तसे सॉफ्टवेअरच्या तक्त्यात भरले आणि क्लॅडिंगला सॉफ्टवेअरच्या यादीतली सिलिका दिली. घोळ तिथेच झाला. मोजणी होती ६३३ नॅनोमीटरच्या लेझरवरची, आणि सॉफ्टवेअरनं सेलमायर समीकरणातून (तरंगलांबीनुसार काचेचा अपवर्तनांक देणारं सूत्र) सिलिका काढली १५५० ची, म्हणजे १.४४४०. खरा फरक ०.००५२, माझ्याकडे झाला ०.०१८२. त्रिज्या ४.१ मायक्रॉन धरली तर व्ही-अंक (किती मोड मावतात ते ठरवणारा आकडा) २.०४ वरून थेट ३.८ वर. सिंगल मोडची मर्यादा २.४०५, मग दुसरा मोड येणार नाही तर काय!

मोजून देणाऱ्या प्रयोगशाळेला तरंगलांबी विचारली, तर उत्तर आलं, "फाइल नेहमीच्याच फॉर्मॅटमध्ये आहे." परत विचारलं, तर तीच फाइल परत जोडून पाठवली. पैसे घेऊन मोजणाऱ्यांना एक ओळ लिहायला काय होतं, देव जाणे. पण कडेचा १.४५७० पहिल्या दिवसापासून माझ्यासमोर होता, आणि शुद्ध सिलिकाचा तो आकडा ६३३ चा, हे मला कळायला हवं होतं. ते जास्त झोंबलं.

माझं मत, पटलं तर घ्या: तक्त्यात निव्वळ अपवर्तनांक कधीच भरू नका, क्लॅडिंगपासूनचा फरक भरा. जर्मेनियम मिसळलेल्या सिलिकात तो फरक ६३३ आणि १५५० ला जवळपास सारखाच असतो. डिस्पर्शन (वेगवेगळ्या तरंगलांबींच्या वेगातला फरक) काढायचं असेल तर मात्र एवढ्यावर भागत नाही. तिथे जर्मेनियमचं प्रमाण देऊन सेलमायरलाच काम करू द्या. फ्लोरिनच्या किंवा छिद्रांच्या फायबरबद्दल मला विचारू नका, त्यात मी पडलेलो नाही.

आणखी एक, घाईत राहून जातं ते. स्वतःची फाइल चढवण्याआधी साधा स्टेप प्रोफाइलच तक्त्याच्या रूपात भरा आणि सॉफ्टवेअरच्या तयार स्टेपशी मोडचा प्रभावी अपवर्तनांक (त्या मोडला एकूण जाणवणारा) ताडून बघा. सहाव्या दशांशापर्यंत जुळला नाही, तर बिंदूंमधले आकडे भरून काढणाऱ्या इंटरपोलेशननं गाभ्याची कड तिरकी केलीय असं समजा. कडेच्या दोन्ही बाजूंना अगदी लागून एकेक बिंदू द्या, बहुतेकदा सुटतं.

मध्यभागी खड्डा दिसला तर तो मोजणीतला गोंधळ समजून पुसू नका. एमसीव्हीडीनं (नळीच्या आत वायूंपासून काचेचे थर चढवायची पद्धत) केलेल्या प्रीफॉर्ममध्ये, म्हणजे ज्यातून फायबर ओढतात त्या काचेच्या दांड्यात, नळी मिटवताना मधला जर्मेनियम उडून जातो, खड्डा खरा असतो. आणि पहिला रकाना त्रिज्येचा आहे की व्यासाचा, तेही बघून घ्या. त्यात माझा चौथा आठवडा गेला.