‘डायपर लावूनच आण,’ असं नणंद म्हणते

साखळीहून एका आईचं पत्र आलंय. तिची लेक दोन वर्षं आठ महिन्यांची आहे. गणेशचवथीच्या सुट्टीत आईने घरी राहून तिचं डायपर सोडवलं. आता दिवसा लेक स्वतःहून ‘शू आली’ म्हणते, आठवड्यातून एखादवेळी चूक होते. दिवाळीत नरकासुराचा पुतळा जाळून झाला की त्याच संध्याकाळी थिवीहून कोकणकन्या एक्स्प्रेस धरायची, पहाटे पनवेलला उतरायचं आणि पुण्याहून येणाऱ्या नणंदेच्या कुटुंबाबरोबर खोपोलीजवळच्या इमॅजिका या मनोरंजन पार्कात दिवस घालवायचा, असा बेत आहे. नणंद फोनवर म्हणाली, ‘माझी तर दीड वर्षात शिकली होती. तू डायपर लावूनच आण, पोरांचा दिवस फुकट जायला नको.’ नवरा म्हणतो, वाद नको, लाव. सासूबाई म्हणतात, आता परत लावलंस तर सगळं विसरेल. ती विचारते, ‘ताई, न्यावं की नको? आणि चारचौघांत चड्डी ओली झाली तर मी काय करू?’

अगं, तू माझ्या लेकीच्या वयाची आहेस, म्हणून एकेरीतच बोलते.

ने. जरूर ने. पण दिवसा डायपर लावू नकोस. ती स्वतः सांगते, म्हणजे अंगातून येणारी जाणीव तिला ओळखता यायला लागली आहे. एवढ्या मेहनतीने आलेली गोष्ट नणंदेच्या एका फोनसाठी बाजूला ठेवायची नाही. सासूबाईंचं निम्मं बरोबर आहे. एक दिवस डायपर लावल्याने मूल शिकलेलं सगळं विसरत नाही. पण ‘तुझ्यावर विश्वास नाही’ हे त्याला बरोबर समजतं, आणि या वयात ते फार लागतं.

रात्रीची गोष्ट मात्र अगदी वेगळी. झोपेत लघवी कमी तयार व्हावी म्हणून शरीरात एक संप्रेरक वाढतं, ते काही मुलांत उशिरा जमतं. पाच वर्षांपर्यंत रात्री अंथरूण ओलं होणं डॉक्टर आजार मानत नाहीत. त्यामुळे कोकणकन्येच्या बर्थवर झोपताना खुशाल डायपर लाव. त्याला ‘झोपेची चड्डी’ म्हण, पनवेल यायच्या आधी काढ आणि तिच्या हातानेच कचऱ्यात टाकायला लाव. त्याबद्दल मनाला काही लावून घेऊ नकोस. झोपायच्या आधी तिला गाडीच्या संडासात ने, पण गाडी एखाद्या मोठ्या स्टेशनातून सुटल्यावर. हलणारी गाडी, तो खडखडाट, दाराची कडी, या सगळ्याला मुलं घाबरतात. तिच्या कमरेला दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेव.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. त्याचं उत्तर मी पुस्तकातून देत नाही.

माझी थोरली पावणेतीन वर्षांची होती. फोंडा तालुक्यात एका देवळाची जत्रा होती, दर्शनाची रांग लांबलचक. तिने माझा पदर ओढला. मी म्हटलं, ‘थांब गं जरा.’ तिने परत ओढला. तिसऱ्यांदा ओढला तेव्हा तिच्या नव्या परकराखालून पाणी वाहिलं, फरशीवरून मागच्या बाईंच्या पायापर्यंत गेलं. त्या एक पाऊल मागे सरल्या, आणि मी सगळ्यांच्या देखत तिच्या दंडाला धरून ओरडले, ‘एवढी मोठी झालीस, लाज नाही वाटत?’ ती रडली नाही. ओल्या परकराचा काठ मुठीत धरून खाली बघत उभी राहिली. तिने तीनदा सांगितलं होतं, मी तीनदा ऐकलं नव्हतं, आणि लाज मात्र तिला वाटायला लावली.

त्यानंतर चार दिवस तिला शी झाली नाही. पडद्यामागे जाऊन पाय आवळून उभी राहायची, घाम यायचा, पण संडासाचं नाव काढलं की किंचाळायची. बालरोगतज्ज्ञांनी तेव्हा मला नीट समजावलं. मूल शी धरून ठेवतं, ती आत कडक होते, मग होताना दुखतं, म्हणून ते आणखी धरून ठेवतं. भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं, म्हणून शूच्या चुकाही वाढतात. घडी नीट बसायला आम्हांला दोन महिने लागले. एका वाक्याची ती किंमत होती, म्हणून तुला एवढं सविस्तर सांगतेय.

तेव्हा चड्डी ओली झाली, तर बोलायचं एवढंच: ‘ओली झाली ना? चल, बदलूया.’ बाकी एक शब्द नाही. ‘आपलं काय ठरलं होतं’ नाही, नणंदेला ‘काय करणार बाई’ नाही, भाचरांच्या हसण्याला उत्तरही नाही. तिच्या उंचीला खाली बस, गर्दीकडे तुझी पाठ कर, तिच्या कमरेभोवती ओढणी गुंडाळ. आधी पायातलं काढ, मग चड्डी. ओलं प्लॅस्टिकच्या पिशवीत टाक आणि गाठ मार. दोन मिनिटांचं काम आहे. राइडच्या सीटवर झालं, तर तिथल्या माणसाला तिथल्या तिथे शांतपणे सांग, म्हणजे तो सीट धुऊन घेईल. लपवू नकोस, पुढच्या मुलाला त्यावर बसायचं आहे.

आता दिवस कसा आखायचा ते सांगते. या वयात मूत्राशयात साधारण एका चहाच्या कपाएवढीच लघवी मावते. बालरोगतज्ज्ञांचा ढोबळ हिशेब असा, की मुलाच्या वयात दोन मिळवायचे आणि तीसने गुणायचं, तेवढे मिलिलिटर. म्हणजे तुझ्या लेकीची दीडशेच्या आत. शिवाय या मुलांना आधी सूचना मिळत नाही. आली म्हणजे आलीच. चाळीस मिनिटांच्या रांगेत अर्ध्यावर ती तुझा हात ओढेल, तेव्हा जागा गेली तरी चालेल, तू निघायचंस. म्हणून रांगेत नेहमी दोन मोठी माणसं असू देत. नवऱ्याला आत्ताच सांगून ठेव, की रांग धरणं नेहमी त्याच्याकडे आणि पळणं नेहमी तुझ्याकडे असं होणार नाही. मुलगी आहे म्हणून बापाने नेऊ नये असं काही नाही. वेगळं मोठं किंवा अपंगांसाठीचं शौचालय मोकळं असेल तर तिथे दोघं आरामात मावतात. आत गेल्या गेल्या पहिलं काम म्हणजे जवळचं शौचालय कुठे ते तिला दाखवणं. पाळण्यांच्याही आधी.

‘शू आली का?’ असं दर दहा मिनिटांनी विचारू नकोस. खेळात रंगलेलं मूल ‘नाही’ म्हणणारच, आणि सारखं विचारलं की हट्टाला पेटतं. विचारू नकोस, सांग: ‘आता आपण सगळेच जाऊन येऊ, मग रांगेत उभं राहू.’ आधी तू जा, मग ती. पोटाचंही एक वेळापत्रक असतं. खाल्ल्यावर आतडी हालचाल करायला लागतात, म्हणून जेवणानंतर अर्ध्या तासात शीची शक्यता सगळ्यांत जास्त. जेवण आटोपलं की लगेच रांगेत उभं राहायचं नाही. आधी शौचालय, आणि तिथे पाच मिनिटं घाई न करता बसू दे.

बसताना तिचे पाय लोंबकळू देऊ नकोस. आपल्या आज्या पोराला दोन पायांवर बसवून ‘शूऽऽ’ करायच्या, त्यात गुडघे वर आणि पाय टेकलेले असत. पोट मोकळं व्हायला तीच बैठक लागते. कमोडवर घडीची छोटी सीट टाक आणि तिचे पाय तुझ्या मांड्यांवर टेकव. भारतीय पद्धतीचं असेल तर पाठीमागून काखेत धर. आपोआप सुटणाऱ्या फ्लशची मुलांना जबरदस्त भीती वाटते. बसलेली असताना अचानक पाणी सुटलं की दिवसभर परत बसत नाहीत. सेन्सरवर कागदाचा तुकडा चिकटव, ती बाहेर पडली की काढ. हात वाळवायच्या यंत्राचंही तेच. रुमाल जवळ ठेव.

कपड्यांत फ्रॉकखाली सैल इलॅस्टिकची चड्डी पुरे. जीन्स, बटणं, पट्टे आणि ते पायापासून गळ्यापर्यंतचे जंपसूट घरी राहू देत. पाच चड्ड्या, दोन पायजमे, धुता येतील अशा रबरी चपला. तिची चड्ड्यांची पिशवी तिलाच भरू दे. कुठली घ्यायची ते तिने ठरवलेलं असलं, की बदलताना रडणं कमी होतं.

भीतीपोटी पाणी कमी देऊ नकोस. ही चूक बऱ्याच आया करतात. दिवाळीतही दुपारचं ऊन कडक असतं, आणि लघवी घट्ट झाली की जळजळते, मग मूल तीही धरून ठेवतं. प्रवासातली बिस्किटं, वेफर्स, मैद्याचे रोल यांनी पोट बसतं. निघायच्या आदल्या दोन दिवशी नाचणीचं तिजण, पपई, भिजवलेल्या काळ्या मनुका देत जा. डब्यात केळी असू देत.

इमॅजिकाच्या शेजारी त्यांचंच वॉटर पार्क आहे. ते या खेपेला नको. पाण्यात नेहमीचं डायपर फुगून लोंबतं, पोहण्याचं डायपर फक्त शी अडवतं, शू नाही. गार पाण्यात शूची भावनाही वाढते. शिवाय दोन्ही एका दिवसात म्हणजे अडीच वर्षांच्या पोराला अन्यायच. नणंदेच्या मोठ्या मुलांना नायट्रो या रोलर कोस्टरवर जायचं असेल, ती जाऊ देत. तुझी लेक मेरी-गो-राऊंडवर तीनदा बसेल आणि दुपारी तुझ्या खांद्यावर झोपेल. त्यातच तिची सहल झाली.

निघायच्या आधी एकदोन रंगीत तालमी कर. एका शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात, एका रविवारी बोंडल्याच्या प्राणिसंग्रहालयात. घराबाहेरच्या संडासात बसायला तिला सवय होऊ दे. तिथे पूर्णच बिनसलं, सारख्या चुका झाल्या, तरी रागावू नकोस. मग सहल दोन महिने पुढे ढकल आणि नवऱ्याला तसं स्पष्ट सांग. आणि परत आल्यावर तीन-चार दिवस शी झाली नाही, शू करताना रडली, ताप आला, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता बालरोगतज्ज्ञांकडे ने.

राहिली नणंद. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. लेकीच्या चड्डीपेक्षा नणंदेच्या तोंडाची तुला जास्त धास्ती आहे, असं मला वाटलं. साहजिक आहे. पण तिची लेक दीड वर्षात शिकली आणि तुझी पावणेतीनला, यात शिकवणाऱ्या आईचं काही कमी-जास्त नसतं. मुलांची शरीरं आपापल्या वेळी तयार होतात. इमॅजिकाच्या दारात तोंड द्यायची वेळ आणू नकोस, आधीच फोन कर. म्हण, ‘ताई, ती डायपरशिवाय येणार आहे. आम्हांला मध्येमध्ये थांबावं लागेल, तुम्ही पुढे जात राहा, जेवायला एकत्र भेटू. आणि काही सांडलं तर मुलांनी हसू नये, एवढं त्यांना सांगून ठेवा.’ हे वाक्य फोनवर आधी नवऱ्याने म्हटलं तर फारच बरं. बहीण त्याची आहे.

थिवीच्या फलाटावर गाडी यायला वीस मिनिटं असतील, तेव्हा तिला एकदा घेऊन जा. आली का, ते न विचारता.

तुझी,
ताई