मराठीतल्या शिफ्ट नोंदींसाठी लामा ३.१ (८ अब्ज) घ्यावं की जेम्मा ३ (१२ अब्ज)?

लामा आणि जेम्मा ही मजकूर वाचून उत्तर देणारी एआय मॉडेलं, कंसातले अब्ज म्हणजे मॉडेलच्या आत किती आकडे साठवलेत ते. तुम्ही लिहिलंय की कागलच्या मशीनशॉपमधल्या मराठी नोंदी तक्त्यात भरून घ्यायच्या आहेत, ग्राफिक्स कार्ड १२ जीबीचं आहे, आणि चार-चार लीडरबोर्ड (मॉडेलांच्या गुणांच्या याद्या) बघूनही निर्णय होत नाहीये. जेम्मा ३ घ्या. पण लीडरबोर्ड बघून हा निर्णय होणारच नाही, आणि का होणार नाही यावर मी घरात दोन पावसाळे भांडलोय. म्हणून सविस्तर लिहितो.

शिरोली एमआयडीसीत माझ्या काकांची फौंड्री आहे. ग्रीन सँड मोल्डिंग, म्हणजे ओलसर वाळूच्या साच्यात ओतकाम, पंपाचे आणि ट्रॅक्टरचे पार्ट. डिस्पॅच आणि कॉम्प्युटर माझ्याकडं. शिफ्ट संपली की मोल्डिंगचे मामा ग्रुपवर नोंद टाकतात: किती ओतले, किती खराब गेले, कशानं गेले. मामा नात्यातले नव्हेत. तीस वर्षं साच्यावर घालवलेल्या माणसाला आमच्याकडं सगळे मामाच म्हणतात. त्या नोंदी रोज सकाळी मी एक्सेलमध्ये उतरवायचो, त्यात दीड तास जायचा. ग्राहकाशी करार असा, की ड्रॉइंग आणि रिजेक्शनची माहिती आवाराबाहेर जाता कामा नये. त्यामुळं ऑनलाइन सेवा बाद. वेट्स, म्हणजे मॉडेलच्या आतले आकडे, उतरवून आपल्याच मशीनवर चालवायचं मॉडेल, एवढाच रस्ता उरला. तुमचंही बहुतेक तसंच असणार.

माझे दाजी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहेत. मशीन त्यांनीच बसवून दिलं, रात्री जागून दिलं, ते उपकार मी विसरलेलो नाही. दोन छोटी मॉडेलं निवडली. त्यांची नावं सांगत नाही, दोन्ही आता मागं पडलीत. लीडरबोर्डवर एक बरंच वर होतं, दुसरं खाली. दाजींनी वरचं घेतलं आणि मामांची एक नोंद घातली. ती नोंद अशी होती:

"रात पाळी. हौसिंग ४० वतले. ११ गेले. वाळू वली हुती, भोकं पडली."

मॉडेलनं तक्ता भरला. पार्ट हौसिंग, संख्या ४०, खराब ११, दोष भोकं. सगळं बरोबर. आणि 'जबाबदार कामगार' या रकान्यात लिहिलं: वली.

आमच्याकडं वली नावाचा कुणी नाही. वली म्हणजे ओली. कोल्हापूरच्या कुठल्याही गावात पोराटोरालाही कळतं. ग्रीन सँडमध्ये पाणी लागतंच, साधारण तीन-चार टक्के, पण ते वाढलं की तेराशे अंशांच्या वरचं लोखंड आत पडल्याबरोबर त्याची वाफ होते. वाफेला वाट मिळाली नाही की कास्टिंगमध्ये भोकं. म्हणजे मामांनी दोष आणि त्याचं कारण एका ओळीत लिहून दिलं होतं आणि मॉडेलनं त्या कारणाचा माणूस करून त्याच्यावर ठपका ठेवला.

दाजी म्हणाले, "मॉडेल चांगलं आहे. तुमचा डेटा घाण आहे."

हा शब्द मला तेव्हाही लागला आणि आजही लागतो. मामांची नोंद घाण नव्हती. त्यात पाळी होती, पार्ट होता, आकडे होते, कारण होतं. फक्त ते पुस्तकी मराठीत नव्हतं. पण काकांना दाजींचं पटलं. फोनवर इंग्रजी यादी आली: ब्लोहोल (म्हणजे भोकं), श्रिंकेज, कोल्ड शट, सँड ड्रॉप. त्यातलं एक निवडायचं आणि आकडा टाकायचा. मग अर्थातच मॉडेल एकदाही चुकलं नाही. यादीतून निवडलेला शब्द तक्त्यात टाकायला मॉडेल कशाला लागतं, हे मी विचारलं. उत्तर मिळालं नाही.

दोन महिने तसं चाललं. तक्ता देखणा. हौसिंगचं रिजेक्शन मात्र उतरायचं नाव घेईना, आणि रोज एकच नोंद: ब्लोहोल, ब्लोहोल, ब्लोहोल. कधी काकांनी मेटल बदलून बघितलं, कधी व्हेंट (साच्यातली वाफ जायच्या वाटा) वाढवले. शेवटी एकदा चहाच्या टपरीवर मी मामांना विचारलं, तुम्ही आधी कारण लिहायचा, आता का नाही? ते म्हणाले, "लिवायला जागाच न्हाई की तिथं."

त्या रात्री मी पाळीवर थांबलो. पाऊस होता. मामा मला शेडच्या मागच्या कोपऱ्यात घेऊन गेले, परत आलेल्या वाळूचा ढीग असतो तिथं. मूठभर वाळू घेतली, दाबली आणि मूठ उघडून माझ्यासमोर धरली. चांगली वाळू दाबली की गोळा होतो, मोडला की स्वच्छ मोडतो, हात कोरडा राहतो. ही तळहाताला चिखलासारखी चिकटून बसली. त्यांनी बॅटरी वर मारली. पत्र्याच्या जोडातनं धार लागली होती, सरळ ढिगावर. "म्या कवाच लिवलं हुतं," एवढंच बोलले. खरंच लिहिलं होतं. आम्ही त्याला वली नावाचा कामगार समजलो आणि मग त्यांची लिहायची जागाच काढून घेतली.

पत्रा दुसऱ्या दिवशी बदलला. यादी बंद केली आणि नोंदी पुन्हा मामांच्या भाषेत सुरू झाल्या.

मग मी जे केलं तेच तुम्ही करा. जुन्या नोंदींतल्या ५० काढल्या, सोप्या नव्हे, मिसळीच्या. प्रत्येकीचं बरोबर उत्तर मामांना विचारून हातानं लिहिलं. त्यांच्याबरोबर बसून सत्तरेक शब्दांची यादी केली: वली म्हणजे ओली, वतले म्हणजे ओतले, साचा ढासळला, माल गार पडला, असं सगळं. ती यादी प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे मॉडेलला द्यायच्या सूचनेत, आधी घातली आणि दोन्ही मॉडेलं त्याच ५० नोंदींवर चालवली. लीडरबोर्डवर खाली असलेलं आमच्याकडं वर आलं, आणि थोडक्यानं नव्हे. दाजींचं म्हणणं की ५० नोंदी म्हणजे चाचणी नव्हे. माझं म्हणणं, की लीडरबोर्डवरच्या हजारो प्रश्नांत 'वाळू वली हुती' एकदाही नाही, तर माझ्या ५० त्याहून मोठ्या.

मध्ये एकदा मीही फसलो, ते लिहितो म्हणजे तुमचे चार दिवस वाचतील. यादी घालूनही मधूनच मॉडेल यादी विसरल्यासारखं वागायचं. मॉडेल चालवायला जे साधन वापरत होतो, त्यात कॉन्टेक्स्टची लांबी, म्हणजे मॉडेल एका वेळी किती मजकूर डोळ्यासमोर ठेवतं ते, न सांगता २०४८ टोकन (शब्दांचे तुकडे) धरलेली होती. यादी आणि आठवड्याच्या नोंदी मिळून त्याच्या पुढं जायच्या आणि उरलेला मजकूर गुपचूप गळायचा, कसलीही एरर न देता. देवनागरीला इंग्रजीपेक्षा जास्त टोकन लागतात, त्यामुळं आपल्याला ही मर्यादा लवकर गाठते. दोन मॉडेलांची तुलना करायच्या आधी ही लांबी स्वतः ठरवा, निदान ८००० ठेवा. नाहीतर मॉडेलला दोष द्याल आणि चूक सेटिंगची असेल.

आता तुम्ही विचारलेल्या दोन मॉडेलांबद्दल. लामा ३.१ जुलै २०२४ चं. मेटानं त्यात अधिकृत भाषा आठ सांगितल्यात, हिंदी आहे, मराठी नाही. मराठी त्याला येत नाही असं नव्हे, पण हिंदी पक्की आणि मराठी कच्ची असलेलं मॉडेल 'लॅडल खाली ठेवली' (लॅडल म्हणजे वितळलेलं लोखंड ओतायचं भांडं) वाचून लॅडल रिकामी झाली असं समजू शकतं. आपणही 'गाडी खाली झाली' म्हणतो, म्हणजे संदर्भ कळल्याशिवाय सुटका नाही. जेम्मा ३ मार्च २०२५ चं, गूगल १४० च्या वर भाषा सांगतं. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो टोकनचा साठा, म्हणजे मॉडेलला एकूण किती वेगवेगळे तुकडे माहीत आहेत ते: लामा ३.१ चा सुमारे १.२८ लाख, जेम्मा ३ चा सुमारे २.६२ लाख. मोठा साठा असला की मराठी शब्दाचे तुकडे कमी पडतात, आणि त्याच जागेत नोंदी जास्त मावतात.

कार्डाचं गणित सोपं आहे. १२ अब्जाचं मॉडेल ४ बिटमध्ये, म्हणजे आतला प्रत्येक आकडा आखडून साठवला की, आठेक जीबी घेतं, वर कॉन्टेक्स्टला जागा उरते. ८ अब्जाचं तुम्ही ८ बिटमध्येही, म्हणजे कमी आखडून, बसवू शकता. दोन्ही ४ बिटमध्येच तोलणं मला पटत नाही. कार्डात जे सगळ्यात चांगलं मावतं ते दोन्हीकडचं घ्या आणि मग तोला. टेम्परेचर, म्हणजे उत्तर दर वेळी किती बदलू द्यायचं ते सेटिंग, शून्य ठेवा, नाहीतर कालचा निकाल आज येणार नाही.

लायसन्स वाचा. दोन्ही ओपन वेट आहेत, ओपन सोर्स नव्हेत, दोघांच्या आपापल्या अटी आहेत. लामाची ७० कोटी मासिक वापरकर्त्यांची अट तुम्हाला लागणार नाही, पण त्यावर बनवलेली वस्तू उद्या दुसऱ्याला दिलीत तर 'बिल्ट विथ लामा' दाखवावं लागतं. कमी अटींचं अपाचे लायसन्सच हवं असेल तर क्वेन २.५ चं ७ अब्जाचं आहे, तेही त्याच ५० नोंदींवर चालवून बघा.

आणि ५० नोंदींची उत्तरं तपासायला तुम्ही बसू नका, मालकालाही बसवू नका. ज्यानं नोंद लिहिली त्याला बसवा, पाळीच्या वेळात, पगारी. आमचे मामा अडीच तास बसले, शेजारी दाजीही होते. एकोणिसाव्या नोंदीवर मामा म्हणाले हे चूक आहे, मॉडेलचं नव्हे, माझंच, मी त्या दिवशी आकडा चुकीचा टाकला होता. दाजींनी मान हलवून तो स्वतः दुरुस्त केला. घाण डेटा हा शब्द मात्र त्यांनी अजून मागं घेतलेला नाही. ते या साइटवर असतात, म्हणून मुद्दाम इथं लिहितोय.

दोन गोष्टी राहिल्या. बेरजा मॉडेलकडून करून घेऊ नका. आकडे उचलू दे, बेरीज एक्सेलमध्ये. आणि जेम्मा घ्या असं मी वर ठासून सांगितलंय ते देवनागरीत लिहिलेल्या नोंदी धरून. तुमची पोरं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत असतील, तर टोकनचा फायदा उरत नाही. मग दोन्ही उतरवा आणि ५० नोंदी काय म्हणतात ते बघा.