आधी पिशवी शिवू द्या, क्लासचं नंतर बघा

मुलगी यंदा दहावीत जाणार, सुट्टीत दिवसभर मोबाइल, घरात सासूबाईंचं जुनं पायमशीन धूळ खात पडलंय, आणि जवळच्या शिवणक्लासच्या बाई म्हणतात की आधी तीन महिने कागदावर कटिंग, मगच मशीन. फी भरू का, असं विचारलंय तुम्ही. ताई, वाचताना वाटलं आमच्याच घरातलं कुणीतरी लिहिलंय. माझं मत विचाराल तर भरू नका. निदान आत्ता तरी नको.

(मी टेलर नाही. घरापुरतं शिवते, ब्लाउज अजूनही बाहेरच देते. तेव्हा हे एका आईचं मत समजा.)

आमच्या मुलाला पंधराव्या वर्षी हे खूळ लागलं. हवं होतं एवढंच, की जुन्या जीन्सची सायकलला अडकवायची बॅग करावी आणि स्वतःच्या पँटी स्वतः आखूड कराव्यात. क्लासमध्ये आधी "मुलगे घेत नाही" झालं. मग पूर्ण फी आगाऊ दिल्यावर घेतलं. पुढे काय, तर ब्राउन पेपर. छाती भागिले चार, त्यात अमुक मिळवा, मुंढ्याचा आकार द्या, कापा, वहीत चिकटवा. झबलं झालं, परकर झाला, ब्लाउजची पाठ झाली, सगळं कागदाचं. मशीनवर बसायची पाळी आली की तिथे बाईंच्या गिऱ्हाइकांचे लग्नातले ब्लाउज चालू असायचे. त्याने एकदा बॅगचं विचारलं, तर म्हणे ते कोर्समध्ये नाही. सुट्टी संपली तेव्हा वही देखणी झाली होती आणि पोराला सरळ टीप मारता येत नव्हती. फी परत मागायला गेले तर "कागद, स्केल आम्हीच दिलं ना" हे ऐकून आले. पैसे गेले ते गेले, पण शिवणकाम म्हणजे भूमितीचा जादा तास हे जे त्याच्या डोक्यात बसलं ना, त्यापायी पुढे बरेच दिवस तो मशीनकडे फिरकलाच नाही. त्याचा राग मला अजून आहे.

आता, सगळे क्लास असे नसतात हे मलाही कळतं. ब्लाउज किंवा पंजाबी ड्रेस बेतायचा तर कागदी कटिंगला पर्याय नाही. पण ते ज्याला ब्लाउज शिवायचाय त्याला. चौदा-पंधराच्या पोरांना हातात वस्तू लागते, तीही लवकर, आणि ती त्यांची स्वतःची.

पायमशीन आहे हे उत्तमच. नवीन घेऊ नका. फक्त एखाद्या मेकॅनिककडून पट्टा बदलून घ्या आणि मशीनचंच तेल घाला, खोबरेल नको, ते आत चिकट होऊन बसतं. पहिले काही दिवस दोरा न ओवता, जुन्या सुईने वहीच्या रेघांवर चालवू दे. खरी मेख मशीनच्या उजवीकडच्या चाकात असते. चाक आपल्याकडेच फिरलं पाहिजे. सुरुवातीला पाय चुकतो, चाक उलटं जातं आणि दोरा गुंततो.

कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं झालं की सगळे बॉबिनच्या, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाच्या, मागे लागतात. बहुतेक वेळा दोष वरच्या दोऱ्याचा असतो. दाब (कापड दाबून धरणारा सुईखालचा पाय) खाली असताना दोरा ओवला तर तो टेन्शनच्या, म्हणजे दोरा ताणून धरणाऱ्या, चकत्यांमध्ये नीट बसत नाही. दाब वर उचलून पुन्हा ओवायला सांगा, निम्मी रड तिथेच संपते.

काय शिवायचं ते तिलाच ठरवू दे. पिशवी, उशीचा अभ्रा, लॅपटॉपचं कव्हर, काहीही. सुती कापड असेल तर कापण्याआधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. पॉपलिनला 14 नंबरची सुई चालते. जुनी जीन्स काढली तर 16 किंवा 18 लावा. जीन्सची पँट आखूड करताना बाजूच्या शिवणीवर कापडाचे इतके थर येतात की तिथे हमखास सुई मोडते. आमच्याकडे तो जाड भाग फरशीवर ठेवून खलबत्त्याच्या बत्त्याने ठोकून चपटा करतात, आणि तेवढे टाके पाय न मारता हाताने चाक फिरवून घालतात. दाबाच्या मागे त्याच जाडीची कापडाची घडी सरकवली की दाब तिरका होत नाही, टाके सारखे पडतात.

वाकडं झालं तर उसवू दे. तुम्ही उसवून देऊ नका, आणि "आण इकडे, मी मारते टीप" तर अजिबात नको.

आणि हो, नातेवाइकांपासून जपा. पोरीला शिवता येतं असा बोभाटा झाला की आत्या, मावशी, वरच्या मजल्यावरच्या काकू सगळ्या साड्या घेऊन येतात. एवढा फॉल लावून दे, तेवढी उशी शिव. फॉल म्हणजे एक काठ हेम घालत बसायचं कंटाळवाणं काम आणि पिकोला तर मशीनही वेगळं लागतं, पण ऐकतंय कोण! तुम्हीच तोंडावर नाही म्हणा. मुलाला कुणी फॉल लावायला सांगितला नाही, मुलीला सांगतील, हे लिहून ठेवा. तिला करायचंच असेल तर बाहेर जो दर आहे तो घेऊन करू दे.

मोबाइलचं म्हणाल तर तो सुटणार नाहीच. व्हिडिओ बघूनच शिवेल ती. बघू दे, तेवढ्यापुरता तो मशीनच्या टेबलावर उभा राहील.

दहावीनंतरही गोडी राहिली तर आयटीआयमध्ये स्युइंग टेक्नॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड आहे. क्लासच लावायचा झाला तर आधी तासभर तिथे जाऊन बसा आणि मुलं मशीनवर आहेत की मशीनवर गिऱ्हाइकांचे कपडे आहेत, एवढं बघून या. फी महिन्याच्या महिन्याला घेतात का तेही विचारा.

मशीनचा पट्टा आणि बॉबिन केस दिसेल असा फोटो टाकलात तर काय बदलावं लागेल ते सांगते.