दोन एसयूव्हींतून एक निवडताना

तीन रांगांच्या, ७ आसनी म्हणवल्या जाणाऱ्या दोन एसयूव्हींपैकी कोणती घ्यावी, असे तुम्ही विचारले आहे. माहितीपत्रके समोरासमोर ठेवून तुम्ही दोन्ही गाड्यांची तुलना केलीत, हे चांगलेच झाले. परंतु तिसऱ्या रांगेत प्रौढ माणूस खरोखर बसू शकतो का, हे कागदावरून कळत नाही. शोरूममध्ये जाताना घरातील सर्वांत उंच व्यक्तीला आणि मुलाची कार-सीट सोबत न्या. पुढची सीट तुमच्या उंचीप्रमाणे लावा, तिच्यामागे दुसरी रांग बेताची सरकवा आणि मगच त्या व्यक्तीला सर्वांत मागे बसवा. गुडघे छातीकडे येत असतील, तर ती गाडी ७ आसनी समजू नका. कार-सीट आयसोफिक्सच्या, म्हणजे ती पक्की बसवण्यासाठी गाडीच्या सीटमध्येच दिलेल्या कड्यांत अडकवल्यावर मागे जायला वाट उरते का, हेही पाहा. डिकीचे लिटरमधील आकडे तिसरी रांग उभी असतानाचे आहेत की दुमडलेली असतानाचे, हे विचारून घ्या. सुरक्षेबाबत माझा विशेष आग्रह आहे: गाडीला सुरक्षेचे तारे देणाऱ्या धडक-चाचणीचे (क्रॅश टेस्टचे) निकष वेळोवेळी कडक होत गेले असल्याने काही वर्षांपूर्वीचे ५ तारे आणि आताचे ५ तारे सारखे धरता येत नाहीत, म्हणून चाचणीचे वर्ष अवश्य तपासा. रिकामी गाडी चढ सहज चढते. तेव्हा टेस्ट ड्राइव्ह एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर आणि सगळ्या कुटुंबाला बसवूनच घ्या.