एक्स्चेंज हॅक झालं तर माझे बिटकॉइन जातात का? मग ठेवायचे कुठे?

हो, जाऊ शकतात. एक्स्चेंज म्हणजे क्रिप्टोची खरेदी-विक्री करून देणारी कंपनी. तिच्या ॲपमध्ये दिसणारा आकडा हे फक्त तुमचं एक्स्चेंजकडचं येणं असतं. प्रायव्हेट की, म्हणजे नाणी हलवणारी गुप्त किल्ली, एक्स्चेंजच्याच हातात असते. बँकेतल्या ठेवींना ५ लाखांपर्यंत विमा आहे, इथे तसं काहीच नाही.

१८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरची क्रिप्टो नाणी गेली. ती ज्या वॉलेटमध्ये (डिजिटल पाकिटात) होती, ते मल्टिसिग होतं, म्हणजे एकट्याच्या सहीने काही हलत नव्हतं. पण कंपनीच्या म्हणण्यानुसार पडद्यावर दिसला एक व्यवहार आणि सही झाली दुसऱ्यावरच. ग्राहकांचे पैसे वर्षाहून जास्त अडकले. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या एक्स्चेंजचे जवळपास १५० कोटी डॉलर अशाच फसव्या पडद्यामुळे गेले.

म्हणून रोजच्या खरेदी-विक्रीपुरतंच एक्स्चेंजवर ठेवा, बाकीचं हार्डवेअर वॉलेटमध्ये, म्हणजे किल्ली तुमच्याच हातात ठेवणाऱ्या छोट्या उपकरणात. ते थेट कंपनीकडूनच घ्या, वापरलेलं तर मुळीच नको. सेटअप करताना मिळणारे १२ किंवा २४ शब्द (वॉलेट बिघडलं तर यांवरूनच नाणी परत मिळतात) कागदावर स्वतःच्या हाताने लिहा. त्यांचा फोटो नको, ड्राइव्हवर नको, स्वतःलाच केलेल्या व्हॉट्सॲपवरही नको. हे शब्द मागणारा 'कस्टमर केअर' चोरच असतो, हे कृपया घरातल्यांनाही सांगा. शब्द हरवले आणि वॉलेटही बिघडलं, तर नाणी कुणीच परत मिळवून देऊ शकत नाही. म्हणून दुसरी प्रत वेगळ्या जागी ठेवा.

एक्स्चेंजच्या खात्याला एसएमएस ओटीपीऐवजी ऑथेंटिकेटर ॲप (फोनवरच लॉगिनचा कोड तयार करणारं) लावा. आणि पहिल्यांदा अगदी थोडी रक्कम पाठवून, ती पोहोचल्याची खात्री झाली की मगच बाकीची हलवा.