पहिला डायनोबॉट घेतोयस? मग ऐक

भावा, डायनोबॉट म्हणजे ट्रान्सफॉर्मर्समधली प्राण्याचा रोबो होणारी खेळणी; त्यांत सुरुवात ग्रिमलॉक या टी-रेक्सपासूनच कर. त्याची शेपटी उलगडून रोबोचे पाय होतात, ती गंमत हातात घेतल्याशिवाय कळत नाही. १९८५ चा जुना नग मिळाला तर आधी सोनेरी क्रोम तपास. बोटं घासून मुलामा उडतो, परत येत नाही. त्याला स्पिरिट लावू नकोस, कोरडा मऊ ब्रश बास.

रूप बदलताना सांधा अडला की जोर नको, आधीची कुठली पायरी राहिली ते बघ. माझ्या स्लजची, म्हणजे लांब मानेच्या डायनोबॉटची, मान अशाच घाईत मोडली, अजून वाईट वाटतं.

आणि आपल्या सोलापूरचा एप्रिल-मे! पत्र्याखालच्या माळ्यावर, खिडकीच्या उन्हात काही ठेवू नकोस. स्टिकर सुटतात, प्लास्टिक पिवळं पडतं. भिंतीतलं बंद कपाट उत्तम. आणि स्वूप हा डायनोबॉट मात्र टेरॅनोडॉन, म्हणजे उडणारा सरपटणारा प्राणी, डायनासोर नव्हे; पोरांना तसं नीट सांग.